क्रांतिकारक, पोलीसप्रमुख आणि कैदी : ग्रीसचे जनरल मक्रियानिस

अथेन्समध्ये ग्रीसच्या संसदेसमोर 'सिन्तग्मा' नावाचा प्रसिद्ध चौक आहे. सिन्तग्मा म्हणजे राज्यघटना. ज्या उठावामुळे चौकाला हे नाव मिळालं, त्याच्या सूत्रधारांपैकी एक होते यानिस मक्रियानिस.

सावकार ते सेनानी

त्यांचा जन्म १७९७ साली मध्य ग्रीसमधल्या एका डोंगराळ खेड्यात झाला. वडील लहानपणीच मारले गेले. उंचीमुळे लोक त्यांना 'मक्रियानिस', म्हणजे 'लंबू यानिस' म्हणू लागले. आर्ता शहरात व्यापार आणि सावकारी करून त्यांनी पैसा कमावला.

तेव्हा ग्रीसवर ऑटोमन साम्राज्याची सत्ता होती. १८२० साली ते 'फिलिकी एतेरिया' या गुप्त संघटनेत गेले आणि पुढच्याच वर्षी स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. १८२५ मध्ये लेर्ना इथे इब्राहिम पाशाच्या फौजेशी लढताना त्यांच्या हाताला जखम झाली. १८२६ मध्ये अक्रॉपॉलिसच्या वेढ्यात डोक्याला आणि मानेला झालेल्या जखमांनी तर जन्मभर पाठ सोडली नाही.

पोलीस ठाण्यातलं लेखन

१८२८ मध्ये नव्या देशाचे पहिले राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास यांनी पेलोपोनीज प्रांतातल्या कायदा-सुव्यवस्थेची जबाबदारी मक्रियानिस यांच्यावर सोपवली. मुख्यालय आर्गोसला होतं. इथेच २६ फेब्रुवारी १८२९ रोजी त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या. रिकामा वेळ कॉफीच्या दुकानात घालवण्यापेक्षा हे बरं, असा त्यांचा विचार होता. शिक्षण जेमतेम अक्षरओळखीपुरतं असल्यामुळे, जसं बोलायचे तसंच ते लिहीत गेले.

सगळी सत्ता एका माणसाच्या हाती असणं त्यांना पटत नव्हतं. कापोदिस्त्रियास यांच्याशी खटके उडाले आणि पुढे हे पद गेलं.

राजाच्या दारात

१८३३ मध्ये बव्हेरियाचा राजपुत्र ओटो ग्रीसचा राजा म्हणून आला. दहा वर्षं झाली तरी राज्यघटनेचा पत्ता नव्हता. अखेर मक्रियानिस आणि घोडदळाचे अधिकारी कालेर्गिस यांनी उठावाची आखणी केली. सुगावा लागताच सशस्त्र पोलिसांनी मक्रियानिस यांच्या घराला वेढा घातला. एकेकाळच्या पोलीसप्रमुखावर पोलिसांशीच झुंजायची वेळ आली! पण ३ सप्टेंबर १८४३ रोजी सैन्य आणि जनता राजवाड्यासमोर उभी राहिली आणि ओटोला झुकावं लागलं. १८४४ मध्ये राज्यघटना लागू झाली.

राजाने मात्र त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. कटाच्या आरोपावरून १८५३ मध्ये त्यांना मृत्युदंड सुनावण्यात आला. नंतर शिक्षा कमी झाली आणि १८५४ मध्ये त्यांची सुटका झाली. १८६२ मध्ये ओटोचीच गादी गेली. मक्रियानिस यांना सन्मान परत मिळाला, पण २७ एप्रिल १८६४ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या आठवणी १९०७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. नोबेल विजेते कवी सेफेरिस यांनी पुढे त्यांच्या गद्याचं भरभरून कौतुक केलं. जेमतेम लिहिता येणाऱ्या या शिपाईगड्याची गणना आज आधुनिक ग्रीकच्या थोर गद्यलेखकांमध्ये होते.