आनंदीबाईंचा प्रवेश-अर्ज

सबाह अल-सालेम हे नाव कुवेतमध्ये दोन ठिकाणी भेटते. एक आमची वस्ती, आणि दुसरी शदादिया येथील कुवेत विद्यापीठाची नगरी. दोन्ही नावे 1965 ते 1977 या काळातील अमीरांची. विद्यापीठही त्यांच्याच कारकीर्दीत, 1966 साली सुरू झाले. मात्र तेथे परदेशी नागरिकांच्या मुलांना जागा मोजक्याच. त्यामुळे बारावी झाली की आपली मुले पुण्या-मुंबईला, नाहीतर अमेरिका-कॅनडाला जातात आणि घरोघरी कागदांचा ढीग साचतो: गुणपत्रिका, त्यांवरचे शिक्के, लसींचे दाखले, बँकेची पत्रे. त्यातून नावाचा घोळ! पासपोर्टवर वडिलांचे नाव मधे, शाळेच्या दाखल्यावर नाही, सिव्हिल आयडीवर तिसरेच काही.

यंदा धाकटीचे अर्ज भरताना मला आनंदीबाई जोशी आठवत होत्या. कल्याणच्या या मुलीजवळ दाखवण्याजोगे कागद फारसे नव्हते. गोपाळरावांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यांना येथे बाजूला ठेवू. एप्रिल 1883 मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसलेल्या आनंदीबाई जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या आणि न्यू जर्सीतील रोझेल गावी श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे राहिल्या. तेथून 28 जूनला त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे पदाधिकारी आल्फ्रेड जोन्स यांना पत्र लिहिले. तोच त्यांचा अर्ज.

आज हे पत्र वाचताना त्यातला सरळपणा चकित करतो. प्रवेशाच्या सगळ्या अटी मी कदाचित पुऱ्या करू शकणार नाही, पण माझी गोष्ट वेगळी आहे, तेव्हा सवलत द्यावी, असे अठरा वर्षांची मुलगी परक्या भाषेत लिहिते. आपल्या देशातील बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, हे कारणही ती देते. स्वतःचे मूल दहा दिवसांत गमावलेली आई हे लिहीत होती. महाविद्यालयाने सवलत दिली. ऑक्टोबरमध्ये त्यांचे शिक्षण सुरू झाले.

याच पत्रात आपली प्रकृती चांगली असल्याचेही त्यांनी लिहिले आहे. प्रत्यक्षात निघण्यापूर्वी श्रीरामपूरलाच डोकेदुखी, ताप आणि अशक्तपणा यांनी त्यांना ग्रासले होते. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली, तीही लागू पडली नाहीत. फिलाडेल्फियाच्या थंडीने उरलेसुरले पाहून घेतले. मला वाटते, त्या एका ओळीवाचून प्रवेश अडला असता अशी भीती त्यांना असावी. आपली मुलेही फोनवर 'सगळं ठीक आहे' म्हणतात, ते मी हल्ली जरा निराळ्या कानाने ऐकतो.

ऑक्टोबर 1885 चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसहून आलेली एक विद्यार्थिनी शेजारी शेजारी बसल्या आहेत. आडनाव इस्लामबूली, पण पहिले नाव निरनिराळ्या कागदांत साबात, ताबात, थबात असे सापडते. नावाचा घोळ तेव्हाही होताच!

आनंदीबाईंना 11 मार्च 1886 रोजी पदवी मिळाली आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयाने त्या गेल्या, बावीस पुरी होण्याआधी. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सीच्या स्मशानभूमीत त्या कुटुंबाच्या जागेत त्यांचा दगड आहे. त्यावर 'जोशी'च्या शेवटी, त्या स्वतः लिहीत तसेच, इंग्रजी 'ई' दोनदा आहे.