कमानींखालची वाट

मुंबईच्या दादाभाई नवरोजी रस्त्याने सीएसएमटीकडून हुतात्मा चौकाकडे भर पावसात निघालेल्या माणसाला छत्री लागते ती मुख्यतः मधल्या गल्ल्या ओलांडण्यापुरती. डोक्यावर कुणाच्या तरी इमारतीचा पहिला मजला असतो आणि पायाखाली सगळ्यांची वाट. ही सोय एका कायद्याची देणगी आहे. १८६० च्या दशकात शहराच्या जुन्या कोटाचे तट पडले, पुढे हाच रस्ता, तेव्हाचा अरुंद हॉर्नबी रोड, रुंद झाला आणि १८९६ च्या नियमाने तिथे बांधणाऱ्यांना तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची ओळ ठेवणं बंधनकारक केलं. म्हणूनच इमारतींच्या शैली वेगवेगळ्या असूनही रस्ता एकसंध वाटतो. जुन्या वस्तीला नवा जीव द्यायचा तर आधी तिला घडवणारा नियम ओळखावा, असं माझं मत आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस इथल्या इमारती उभ्या होत्या, पण कमानी दिसेनाशा झाल्या होत्या. घडीव दगडावर खिळे ठोकून लावलेल्या अवाढव्य पाट्या, एसीचे डबे, वायरींची जाळी. १९९५ च्या वारसा नियमावलीने इमारत पाडण्याला लगाम घातला; दुकानाच्या पाटीचा प्रश्न त्याहून बारीक होता. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी या रस्त्यासाठी आखलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी नेमका त्यालाच हात घातला: पाट्या, दुकानांचे दर्शनी भाग, बाकं, दिवे. कमानीची वळणं उघडी राहतील अशा बेताने पाटी बसवायची, एवढी साधी ती गोष्ट. मालक-व्यापाऱ्यांनी हेरिटेज माइल असोसिएशन उभी केली आणि २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाचा गौरव झाला.

पाटी लहान झाली की गिऱ्हाईक तुटतं, ही व्यापाऱ्यांची शंका रास्त आहे. पण एकाची पाटी मोठी झाली की शेजारचाही आपली वाढवतो, आणि शेवटी कुणाचीच वाचता येत नाही. सगळ्यांना एकच माप असेल तर ही चढाओढ थांबते. ही साहेबाची निशाणी कशाला जपायची, असंही विचारतात. त्या इमारतींत देशी व्यापाऱ्यांचा पैसा आहे, देशी कारागिरांची छिन्नी आहे, आणि त्या सावलीतून शंभराहून अधिक वर्षं कारकून, हमाल, विद्यार्थी चालत आले आहेत. फेरीवाल्यांचा प्रश्न अधिक अवघड. त्यांना हुसकावून वाट सुंदर होईल, पण ओस पडेल. चालायला पट्टा मोकळा ठेवून त्यांना जागा आखून देणं हाच न्याय्य मार्ग.

खरी अडचण मात्र वरच्या मजल्यांवर आहे. भाडेनियंत्रणामुळे जुन्या भाडेकरूंचं भाडं इतकं तुटपुंजं राहिलं, की मालकाला दुरुस्ती परवडत नाही, आणि पागडीवर राहणारा स्वतःची नसलेली भिंत सांधायला धजत नाही. कमानीखालची वाट साऱ्या शहराची आहे. तिच्या डागडुजीचा वाटाही शहराने उचलला पाहिजे.