इंदूरची काळी माती आणि आमचे शेत

आमच्या घरी सध्या एकच विषय आहे: शेत विकायचे की ठेवायचे? आजोबांनी घेतलेले तीन हजार मीटर. वायंगण बंद होऊन बारा वर्षे झाली. दलाल दर महिन्याला नवा भाव सांगतो. 2023च्या कायद्याने गोव्यात भातशेती शेतकऱ्याखेरीज इतरांना सहजासहजी विकता येत नाही, हे मी कचेरीत लोकांना सांगत असतो. तरी "झोन बदलून घेऊ" म्हणणारे भेटतातच. धाकटा भाऊ विचारतो, "दादा, पडीक ठेवून काय मिळवलेस?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

मागच्या हिवाळ्यात मावसबहिणीकडच्या लग्नाला इंदूरला गेलो. राजवाडा झाला, सराफ्यातले खाणे झाले. मग भावोजींनी शेतकी कॉलेज दाखवले. चारी बाजूंनी इमारती आणि मध्ये हिरवीगार शेते! मी पाहतच राहिलो.

या जमिनीचा इतिहास मोठा आहे. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकिर्दीत, 1924 साली, इथे कापसाच्या संशोधनासाठी संस्था निघाली. दरबारने तीनशे एकर जमीन दिली. आल्बर्ट हॉवर्ड हे तिचे संचालक. माळव्याची जमीन काळी, पण खत विकत घेण्याची ऐपत शेतकऱ्याला नव्हती. हॉवर्ड यांनी त्याच्या घरचाच कचरा हाताशी धरला. कापसाच्या पऱ्हाट्या रस्त्यावर पसरायच्या, बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चुरडल्या जायच्या. मग त्यात पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मुतारीची माती आणि राख घालायची, वेळोवेळी ढीग उलटायचा. तीन महिन्यांत खत तयार! जगाने याला 'इंदूर पद्धत' हे नाव दिले. 1931 साली या कामावर पुस्तक निघाले. त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड हे नाव आहे, हे मराठी माणसाने लक्षात ठेवावे. 1935 साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेले गांधीजीही ही पद्धत पाहून गेले.

तेव्हा ही जागा गावाबाहेर होती. पुढे शहर तिच्याभोवती वाढले आणि एकरांचा हिशेब चौरस फुटांवर आला. 2022 साली कॉलेजची जमीन शहराच्या इतर कामांसाठी घेण्याची हालचाल सुरू झाली, तेव्हा विद्यार्थी धरण्यावर बसले. भावोजी म्हणाले, "ती पोरे बसली, कारण त्यांचे हात त्या मातीत होते."

हे वाक्य माझ्याबरोबर गोव्याला आले. मातीची किंमत आपण तिला काय परत देतो यावर ठरते, एवढेच हॉवर्ड आणि वाड यांनी दाखवले. मी शेताला बारा वर्षांत काय दिले? एक-चौदाचा उतारा कपाटात जपून ठेवला, बस्स. भाव वाढेल म्हणून शेत पडीक ठेवणारा मी आणि आज विकू म्हणणारा भाऊ, आमच्यात फरक तो काय? दोघेही भावाकडेच पाहत होतो. पडीक शेत हे मनाने विकलेलेच असते.

म्हणून भावाला सांगितले आहे, "यंदा विकायचे नाही, यंदा पेरायचे. दोन वर्षांत जमले नाही, तर कसणारा शेतकरी शोधून त्यालाच देऊ." तो हो म्हणालेला नाही. पण परवा मागच्या अंगणात पालापाचोळ्याचा ढीग दिसला. मी तो घातलेला नव्हता.