हिंदुस्थानच्या नावाची बीअर

आपल्या मासिकातून आजवर कोकणातले तेलाचे घाणे, पलटणीतले आपले सुभेदार, मशिदींचे वाढदिवस, मलिद्याची पद्धत अशा कितीतरी विषयांवर लिहून आले. बीअरवर मात्र कोणी लिहिल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. एका निवृत्त परिचारिकेने हा विषय घ्यावा याचे काही ज्येष्ठ वाचकांना नवल वाटेल. पण हा इतिहास मुंबईतून, देवळालीतून आणि पुण्यातून जातो, आणि आपल्या किद्दुशच्या प्याल्यालाही त्याचा स्पर्श होतो. म्हणून लिहिते.

मी राहते ते मॉरिसव्हिल हे अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातले एक छोटे गाव. १८५२ साली जेरेमाया मॉरिस नावाच्या गृहस्थांनी रेल्वेला जमीन दिली, तेथे स्टेशन झाले आणि त्यांचेच नाव गावाला पडले. १८७५ साली गावाला सनद मिळाली. त्याच वर्षी मुंबईत हाईम सॅम्युएल केहीमकरांनी आपल्या समाजाची इस्राएलाइट स्कूल काढली, तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. त्या शाळेत मी शिकले, म्हणून ही सनावळ माझ्या लक्षात राहिली इतकेच. शेजारी १९५९ साली रिसर्च ट्रँगल पार्क उभे राहिले आणि शिकलेली माणसे येऊ लागली. २०२०च्या शिरगणतीप्रमाणे गावात दर दहांमागे चारांहून अधिक माणसे आशियाई वंशाची आहेत, त्यांत आपल्याकडची पुष्कळ. चांगले क्रिकेटचे मैदानसुद्धा आहे.

या भागात ब्रूपब आहेत. ब्रूपब म्हणजे जेथे जेवण मिळते आणि तेथेच मागच्या बाजूच्या मोठ्या पिंपांत बीअर तयार होते अशी खानावळ. तेथे लेकुरवाळी जोडपी येतात, मुले कागदावर चित्रे रंगवीत बसतात, बाजूच्या टेबलावर तेलुगू, गुजराती, कधी मराठीही ऐकू येते. मुंबईत वाढलेल्या माझ्या पिढीला हे दृश्य पचायला वेळ लागतो. आमच्या लहानपणी ‘पिणे’ ही दाराआडची गोष्ट होती.

सुनेने पहिल्यांदा माझ्यापुढे ठेवला तो ‘इंडिया पेल एल’चा लहान पेला. याला येथे सगळे ‘आयपीए’ म्हणतात. पहिला घोट म्हणजे साक्षात चिराइताचा काढा! पण नावात ‘इंडिया’ आहे म्हटल्यावर गप्प बसवेना. हा हिंदुस्थान कोठून आला, याचा शोध घेत गेले आणि शोध घेता घेता ती चव कधी रुजली ते कळलेच नाही.

बीअरला लागते काय? जवाला मोड आणून सुकवलेला माल्ट, पाणी, यीस्ट आणि हॉप्स. हॉप्स ही एका वेलीची बोंडे. ती माल्टच्या पाण्यात उकळली की कडूपणा उतरतो आणि या कडूपणातच आंबवणाऱ्या नको त्या जिवाणूंना रोखायचा गुण आहे. म्हणजे लोणच्यात जे काम मीठ-तेल करते त्यातले थोडे हॉप्स करतात. जहाज इंग्लंडहून केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबईला यायचे, वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडायचे, आणि त्याला चार-सहा महिने लागायचे. अशा प्रवासात हॉप्सने भरलेली बीअर टिके.

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पूर्वेला बो येथे हॉजसन यांचा बीअरचा कारखाना होता. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे लागत तेथून तो जवळ, आणि हॉजसन कप्तानांना वर्ष-दीड वर्षाच्या उधारीवर माल देत. त्यांच्या यशाचे खरे कारण ही उधारी होती असे मला वाटते. हॉजसननी हिंदुस्थानसाठी नवीनच बीअर शोधून काढली ही कथा येथील पबमध्ये हमखास ऐकायला मिळते, पण ती खरी नव्हे. हॉप्स जास्त घातलेली फिकी बीअर आधीही होती आणि काळी पोर्टर बीअरसुद्धा हिंदुस्थानात भरपूर येत होती. पुढे हॉजसनांच्या वारसांनी भाव चढवले, व्यापारी दुखावले, आणि १८२२ साली कंपनीचे एक संचालक मार्जोरीबँक्स यांनी बर्टन गावच्या ऑलसॉप यांना तशीच बीअर करायला सांगितले. पहिला नमुना चहाच्या किटलीत केला असे सांगतात. बर्टनच्या पाण्यात जिप्समचा अंश फार, त्यात हॉप्सचा कडूपणा स्वच्छ उतरतो. बर्टनची बीअर सरस ठरली आणि ‘इंडिया’ हे नाव तिला कायमचे चिकटले.

मुंबईत ही बीअर साहेब लोक पीत, गोऱ्या सोल्जरांच्या वाट्याला बहुतेक पोर्टर येई. बाटल्या गार करायला सोऱ्याचे पाणी वापरत. पुढे अमेरिकेतून बोस्टनचा बर्फ जहाजाने येऊ लागला, १८३३ साली कलकत्त्याला आणि मग मुंबईलाही. त्याच काळात आपले पूर्वज बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीत सुभेदार, जमादार होते. छावणीत ही पिंपे उतरताना त्यांनी पाहिली असतील, चाखली मात्र क्वचितच.

पलटणीतल्या दारूचा प्रश्न आम्हा परिचारिकांच्या आद्य गुरूंपर्यंतही पोचला होता. हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्यासंबंधी नेमलेल्या रॉयल कमिशनसाठी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६३ साली जी निरीक्षणे लिहिली त्यांत घाणेरडे पाणी, कोंदट बराकी यांच्याबरोबर कँटीनमधून सोल्जरांना मिळणाऱ्या कडक दारूवरही कोरडे ओढले आहेत. बाईंनी हिंदुस्थानात पाऊल ठेवले नव्हते, पण छावण्यांकडून आलेली कागदपत्रे त्यांनी अशी वाचली की तेथले डॉक्टर पाहत राहावेत.

आता देवळाली. नाशिकजवळच्या या गावी ब्रिटिशांची मोठी छावणी होती. नोकरी संपलेले सोल्जर विलायतेला जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तेथे राहत. बोटी ठराविक मोसमातच सुटत, मोसम चुकला तर महिनोन्‌महिने मुक्काम. काम नाही, ऊन, मलेरिया, गुप्तरोग आणि दारू. कित्येकांचे डोके फिरे. त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली टॅप’ हा शब्द रूढ झाला. डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप! आजही इंग्रज माणूस वेडसराला ‘डूलाली’ म्हणतो, पण त्यामागे नाशिक जिल्ह्यातले एक गाव आहे हे त्याला ठाऊक नसते.

आणि गंमत पाहा, २००९ साली पुण्यात महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी निघाली तिचे नाव ‘डूलाली’च ठेवले. ती काढली सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी, बीअर करायला जर्मन तज्ज्ञ ऑलिव्हर शाउफ. ज्या गावात गोरे सोल्जर दारूने आणि कंटाळ्याने खचले त्याचे नाव पुणेकर आता हसत हसत घेतात. त्याआधी हिंदुस्थानात बीअर होत नव्हती असे नाही. एडवर्ड डायर यांनी १८५५च्या सुमारास हिमालयात कसौलीला कारखाना काढला होता. (जालियनवाला बागेतला जनरल डायर तो यांचाच मुलगा.) पण ती कारखान्याची बीअर, पबची नव्हे.

मधल्या काळात आपल्या मुंबईत दारूबंदी आली. प्रथम १ ऑगस्ट १९३९ला, काँग्रेस मंत्रिमंडळाच्या वेळी. तेव्हाचे मंत्री डॉ. गिल्डर स्वतः नामांकित वैद्य होते. ते मंत्रिमंडळ गेले आणि ती बंदी ढिली पडली. मग १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला, त्यामागे मोरारजी देसाईंचा आग्रह. साठीनंतर तो हळूहळू सैल झाला, पण परवाना राहिला. ‘परमिट रूम’ ही पाटी वाचकांना आठवत असेलच. परवान्याच्या कागदावर माणूस दारू पितो तो प्रकृती राखण्यासाठी, असे लिहिलेले असते! कायदा आजही पुस्तकात आहे.

कागदावरचा हा विनोद वॉर्डात विनोद राहत नसे. सत्तरीच्या अखेरीस मी मुंबईत शिकाऊ परिचारिका होते. दाखल होताना रोग्याला विचारायचे, “किती घेता?” उत्तर ठरलेले, “छे, छे, कधीच नाही, सिस्टर.” बायको शेजारी उभी असे, तीही मान हलवी, कारण खरे सांगणे म्हणजे गुन्हा कबूल करणे. मग शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागत, भिंतीवर किडे दिसू लागत, माणूस सलाइन उपटून पळू लागे. दारू एकाएकी तुटल्याने येणारा हा वात जीवघेणा ठरू शकतो, आणि आधी कळले असते तर औषध देऊन टाळता येतो. बंदीने पिणे किती थांबले ते अर्थशास्त्री सांगोत, खरे बोलणे मात्र थांबले हे मी डोळ्यांनी पाहिले.

हातभट्टीचे तर विचारूच नका. त्यात मेथिल अल्कोहोल मिसळले की शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते, डोळे जातात, मग प्राण. जून २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून अधिक माणसे अशी गेली. यावर एक उतारा म्हणजे खुद्द शुद्ध अल्कोहोल, कारण ते यकृतात मेथिलची वाट अडवून धरते.

अमेरिकेची कथाही निराळी नाही. देशभर बंदी १९२० साली आली, पण नॉर्थ कॅरोलायनाने मतदान करून १९०८लाच ती पत्करली आणि १ जानेवारी १९०९पासून अमलात आणली. तेव्हा डॉक्टर औषध म्हणून व्हिस्की लिहून देत. बीअरही लिहून देता येईल असे १९२१च्या मार्चमध्ये सरकारी वकिलांचे मत पडले, तेव्हा काँग्रेसने त्याच वर्षी नोव्हेंबरात कायदा करून ती वाट बंद केली. धर्मकार्यासाठी द्राक्षारसाला सूट होती, तीमुळे राबाय नसलेले ‘राबाय’ जागोजागी उगवले. ते पाहून न्यू यॉर्कचे विद्वान राबाय लुई गिंझबर्ग यांनी १९२२ साली निर्णय लिहिला की न आंबवलेला द्राक्षरसही किद्दुशला चालतो. तो वाचून मला आजीची आठवण झाली. शुक्रवारी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, फडक्यातून गाळून ती शरबत करायची. हा निर्णय तिने ऐकला नव्हता, तिचे काम त्याच्यावाचून अडलेही नव्हते.

१९३३ साली देशातली बंदी उठली तरी या राज्याने उठवण्याच्या विरुद्ध मत दिले होते. आजही येथे कडक दारू फक्त सरकारमान्य ‘एबीसी’ दुकानांत मिळते. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि घरी बीअर करणे देशाच्या कायद्याने मोकळे झाले. तेव्हा अख्ख्या अमेरिकेत शंभरही कारखाने उरले नव्हते, आज ते नऊ हजारांवर आहेत. येथे बव्हेरियाहून आलेल्या उली बेनेविट्झ यांनी १९८५ साली कायदा बदलून घेतला आणि पुढच्या वर्षी मँटिओ गावी राज्यातला पहिला ब्रूपब काढला. तरीही सहा टक्क्यांहून अधिक अल्कोहोलची बीअर बेकायदा होती. लोकांनी चळवळ केली आणि १३ ऑगस्ट २००५ रोजी ती मर्यादा पंधरावर गेली. आमच्या गल्लीतल्या आयपीएचा जन्म या सहीचा.

चव लागते कशी? कारल्याची लागते तशीच. पोरे थुंकतात, मोठेपणी तेच मागून घेतात. मला आधी गव्हाची बीअर आवडली, मग भाजक्या जवाची काळी, जिला कॉफीचा वास येतो, आणि शेवटी आयपीए, ज्यात संत्र्याच्या सालीचा वास मला आता स्पष्ट येतो. आंबट बीअर तर सरळ कांजीची बहीण. लहान चार पेल्यांची पाटी मागवावी, त्यात माझे तीन आठवडे निघतात. मात्र टक्के वाचल्याशिवाय पेला उचलू नये. नऊ टक्क्यांचा एक पिंट म्हणजे साध्या बीअरचे जवळजवळ अडीच डबे. मधुमेहाची, झोपेची, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी अल्कोहोल आणि कर्करोग यांच्या संबंधाबद्दल इशारा दिला आहे, तो मला पटतो. इस्रायलमध्ये बाळंतिणीला काळी बीअर पाजतात ती बिनअल्कोहोलची गोड माल्टबीअर असते, ती ठीक. अल्कोहोलने दूध वाढत नाही, उलट कमी होते.

राहिला आपला धर्म. बाबिलोनमध्ये द्राक्षे कमी आणि खजूर फार, म्हणून बीअर खजुराची. राव पापा हे थोर राबाय ती बीअर करूनच श्रीमंत झाले. पेसाहीम या ग्रंथात अमेमार यांची गोष्ट आहे. ते एका गावी पाहुणे गेले, शब्बाथ संपला, हबदालाला वाइन मिळेना. यजमानांनी बीअर आणली तर ती नाकारून ते उपाशी झोपले. दुसऱ्या दिवशी कोठून तरी वाइन आणावी लागली. वर्षाने ते पुन्हा आले, पुन्हा वाइन नाही, पुन्हा बीअर. तेव्हा ते म्हणाले की मग हीच या देशाची वाइन, हबदाला केला आणि जेवले. परदेशात स्थायिक झालेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पेसाहला मात्र जवाची बीअर हामेत्स, घरात नको. आपल्या कोकणातल्या पूर्वजांना हामेत्स हा शब्द विसरायला झाला होता, तरी ते या सणाला ‘अनशी ढाकाचा सण’ म्हणत, म्हणजे आंबट रसाचे मडके झाकून ठेवायचा सण. त्या आठवड्यात आम्ही ब्रूपबला जात नाही. घरी मनुकांचा शरबत असतो. तो कसा गाळायचा ते नातवाने गेल्या वर्षी विचारून घेतले, फडके मात्र त्याला सापडले नाही, त्याने कॉफीचा कागद वापरला. एक पेला गळायला दुपार लागली.