मोगरा : वेणीतला आणि चहातला

भगिनींनो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी चार शब्द लिहिते.

१८६७ साली विरारहून मुंबईला आगगाडी सुरू झाली. आमच्या बोरीवलीवरून वसईचा मोगरा आजही गाडीने दादरच्या फुलबाजारात जातो. चिनी लोक मोगऱ्याच्या कळ्या रात्री चहापत्तीत घालतात. कळ्या उमलताना वास पत्तीत मुरतो, मग फुले काढून टाकतात. मोगरा मूळचा आपल्याच बाजूचा. पण आपण तो माठात टाकला. चहा आपल्याकडे उशिरा रुळला. १९०३ साली चहावर उपकर बसला व त्या पैशांतून प्रचार झाला.

माझ्या सासूबाईंचा गजरा वैधव्याने सुटला. कुंडीतली फुले सावलीत वाळवून त्या चहाच्या डब्यात ठेवीत. म्हणत, "डोक्यात नाही, तर कपात तरी!" मी हसत असे. त्यांच्या केसांत गजरा माळावा, हे मला कधी सुचले नाही. आता त्या नाहीत.

२०२२ साली कोल्हापूरकडील हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. यंदाच्या हळदीकुंकवाला आपणही प्रत्येकीला गजरा द्यावा, ही विनंती. मात्र बाजारचा गजरा चहात घालू नये. त्यावर औषध फवारलेले असू शकते.