पिस्तूल पूर्ण उघडून किती वेळा साफ करायचं? ‘दर वेळी’ हे उत्तर का चुकतं

तुमच्या फीडमध्येही असा एखादा रील आला असेल. टेबलावर काळं कापड, त्यावर ओळीने मांडलेले पिस्तुलाचे बारीकसारीक भाग आणि मागे दणदणीत म्युझिक. बघायला मस्त. पण सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल इतकं सुटं करायची गरज बहुतेक वेळा नसतेच.

मुळात उघडण्याचे दोन प्रकार आहेत. ‘फील्ड स्ट्रिप’ म्हणजे स्लाइड, बॅरल, रिकॉइल स्प्रिंग आणि फ्रेम एवढेच भाग वेगळे करणं. आजच्या बहुतेक पिस्तुलांत त्याला स्क्रू-ड्रायव्हरही लागत नाही. ‘डिटेल स्ट्रिप’ म्हणजे फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर, ट्रिगरची यंत्रणा, सगळंच बाहेर काढणं.

मग कधी काय?

फील्ड स्ट्रिपचा नियम सोपा आहे: गोळ्या झाडल्या की साफ करा. नुसतं कपाटात असलं तरी अधूनमधून बघा. ग्लॉक कंपनी तर महिन्यातून किमान एकदा सफाई करायला सांगते. मात्र त्यापुढे उघडायचं काम प्रशिक्षित आर्मररकडे सोपवा, असंही तीच कंपनी बजावते.

डिटेल स्ट्रिपला असं ठरलेलं वेळापत्रक नाही. वर्षातून एकदा किंवा काही हजार गोळ्यांनंतर, हा जाणकारांचा ढोबळ हिशेब. पिस्तूल पाण्यात पडलं, आत वाळू-चिखल गेला किंवा फायरिंग पिनचा ठोका हलका पडू लागला, तर मात्र थांबायचं नाही. विनाकारण उघडण्याचे तोटे आहेत. पिना झिजतात, इवलीशी स्प्रिंग उडून सोफ्याखाली जाते आणि सगळ्यात वाईट म्हणजे एखादा भाग उलटा बसतो. रुगर कंपनीचं .२२चं मार्क मालिकेतलं पिस्तूल तर पुन्हा जोडताना घाम फोडण्यासाठी प्रसिद्ध होतं. २०१६मध्ये मार्क ४ आलं आणि ते एका बटणावर उघडू लागलं!

.२२ची गोष्ट जरा वेगळीच. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते २५ मीटर पिस्तूल प्रकारात, आणि तिथे याच बोअरची काडतुसं चालतात. यातल्या बहुतेक गोळ्या उघड्या शिशाच्या, वर मेणासारखं वंगण. त्यामुळे चेंबरमध्ये काजळी लवकर साठते आणि काडतूस नीट बसत नाही. या प्रकाराच्या रॅपिड टप्प्यात एका शॉटला जेमतेम ३ सेकंद मिळतात.

‘त्याच दिवशी साफ करा’ हा जुन्या लोकांचा धाकही उगाच नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या बऱ्याच काडतुसांच्या प्रायमरमधून मिठासारखा क्षार बॅरलमध्ये उरायचा. तो हवेतला ओलावा ओढायचा आणि गंज धरायचा. आजचे प्रायमर तसे नसतात. आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. कोकणातल्या दमट घरात पिस्तूल चामड्याच्या होल्स्टरमध्ये महिनोन्‌महिने ठेवलं, तर चामडं ओल धरून ठेवतं आणि गंज चढतो. म्हणून तेलाची धार सोडायची, असंही नाही. पातळ थर पुरतो. फायरिंग पिनची जागा तर कोरडीच हवी, नाहीतर तेलात धूळ बसून चिकट लगदा होतो.

सफाईपेक्षा महत्त्वाचा क्रम

१ ऑक्टोबर २०२४ला मुंबईत अभिनेता गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. घरात शस्त्र हाताळताना काय होऊ शकतं, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. पिस्तुलात एक जास्तीचा सापळा आहे: मॅगझिन काढलं तरी एक गोळी चेंबरमध्ये राहू शकते. म्हणून आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं. उलट केलं, म्हणजे मॅगझिन आत असताना स्लाइड ओढून सोडली, तर पुढची गोळी आपसूक चेंबरमध्ये चढते. ग्लॉकमध्ये फील्ड स्ट्रिपआधी ट्रिगर दाबावाच लागतो, त्यामुळे इथली चूक थेट अंगावर येते. नळी कायम सुरक्षित दिशेला आणि काडतुसं शक्यतो दुसऱ्या खोलीत.

भारतात पिस्तूल बाळगायला शस्त्र कायदा, १९५९नुसार परवाना लागतो. दुरुस्तीही परवानाधारक गनस्मिथकडूनच करून घ्या. डिटेल स्ट्रिप त्याच्याच हातून झालेली बरी.

आणि हो, हे काम जेवणाच्या टेबलावर नको. काजळीत शिसं असतं. खिडकी उघडी ठेवा, मुलांना लांब ठेवा आणि नंतर हात साबणाने स्वच्छ धुवा.