शाहीन परत आला, त्याची गोष्ट

माझ्यासारख्या उर्दूच्या अंगणात वाढलेल्या मुलाला शाहीन आधी कवितेत भेटतो. इक्बालचा लाडका पक्षी तो. पुढं कळलं, की मराठीत ज्याला बहिरी ससाणा म्हणतात त्याचीच ही एक उपजात, आणि ती आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर राहते. आज सांगायची आहे ती मात्र अमेरिकेतल्या बहिरी ससाण्याची गोष्ट. तिथं तो जवळजवळ संपला होता.

संपवणारा कुणी शिकारी नव्हता. दुसऱ्या महायुद्धात डीडीटी या औषधानं असंख्य लोकांना हिवतापापासून वाचवलं. त्याचे गुण शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना 1948 मध्ये नोबेल मिळालं. आमच्या लहानपणीही हिवतापाची माणसं घरोघर फवारणी करून जात. आई भिंतींवरच्या डागांवरून कुरकुर करी. अब्बा म्हणत, ‘‘पोरं तापानं फणफणण्यापेक्षा भिंती खराब झालेल्या बऱ्या.’’ ते चुकीचं बोलत नव्हते.

पण हेच औषध शेतांवर अमाप फवारलं गेलं. किड्यांतून ते लहान पाखरांत गेलं, पाखरांतून ससाण्यात साठत गेलं. 1960च्या दशकाच्या मध्यापर्यंत मिसिसिपी नदीच्या पूर्वेला ससाण्याची एकही वीण उरली नाही. 1965 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाचे जोसेफ हिकी यांनी मॅडिसनला जगभरच्या अभ्यासकांना बोलावलं. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांना घरट्यांत फुटलेली अंडी सापडत होती. त्यांनी जुन्या संग्रहांतली अंडी काढून त्यांच्याशी ताडून पाहिली. साधारण 1947 पासून कवच पातळ होत गेलं होतं. उबवायला बसलेल्या आईच्या वजनानंच अंडं फुटत होतं! हा शोध 1967 मध्ये प्रसिद्ध झाला. हिकी आणि त्यांच्या विद्यार्थ्यानं अमेरिकेतल्या अंड्यांतही तेच दाखवून दिलं. 1972 मध्ये अमेरिकेनं शेतीतल्या डीडीटीवर बंदी घातली.

विष थांबलं, पण पक्षी कुठून आणायचा? कॉर्नेल विद्यापीठातले प्राध्यापक टॉम केड स्वतः ससाणे पाळणारे, म्हणजे आपल्या भाषेत बाजदार होते. 1970 मध्ये त्यांनी ‘पेरेग्रिन फंड’ ही संस्था काढली. 1973 मध्ये त्यांच्याकडे वीस पिल्लं वाढली. आता प्रश्न असा, की आईबापांवाचून या पिल्लांना रानात जगायला शिकवणार कोण?

इथं बाजदारांची जुनी विद्या कामाला आली. ती शतकानुशतकं हातोहात चालत आलेली. तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक यानं ससाण्यांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा डोळ्यांवर टोपी घालण्याची रीत आपण अरबांकडून शिकलो हे त्यानं मोकळेपणानं सांगितलं. जुने बाजदार पिल्लाला उंचावर ठेवत, ठरल्या जागी खाणं देत, पंखांत बळ येईपर्यंत मोकळं उडू देत आणि मग पुन्हा पकडत. केड यांच्या माणसांनी सगळं तसंच केलं. फक्त शेवटी पकडायचं सोडून दिलं.

1974 पासून पिल्लं सोडायला सुरुवात झाली. ससाणे कड्यांवर परतले, शहरांतल्या उंच इमारतींवरही घर करू लागले. 1999 मध्ये अमेरिका आणि कॅनडा मिळून निदान 1,650 जोड्या होत्या. त्याच वर्षी अमेरिकेनं हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीतून काढला.

गोष्ट इथं संपत नाही. आपल्याकडची गिधाडं मरू लागली, तेव्हा हीच संस्था आणि वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातले संशोधक पाकिस्तानात कारण शोधत होते. गुरांना देण्यात येणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्यांच्या मुळावर आल्याचं 2004 मध्ये प्रसिद्ध झालं. इथंही औषध भल्यासाठीच दिलेलं. भारतानं गुरांसाठी त्यावर 2006 मध्ये बंदी घातली. हरियाणातल्या पिंजोरला गिधाडांची पैदास सुरू झाली आणि 2024 मध्ये तिथली काही गिधाडं आपल्या ताडोबा आणि पेंचला आणली गेली.

पण गिधाडांना मारणारी इतरही वेदनाशामकं निघाली. त्यांतल्या दोघांवर 2023 मध्ये बंदी आली. ससाण्याच्या बाबतीत आधी विष थांबलं, मग पिल्लं सोडली गेली. हा क्रम आपण पाळला नाही, तर पिंजऱ्यात जपलेलं पाखरू आपणच विषारी ताटावर नेऊन बसवू. आजारी गुराला कोणतं औषध द्यायचं, एवढा प्रश्न गोठ्यात विचारला गेला, तरी गिधाडांसाठी पुष्कळ झालं.